बेरीज जमली, ताळ्याचं काय?

(जयसिंगपूर इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथं तशीच ठेवली आहे.)

आत येताना एक-दोघांनी विचारलं, "एआय असिस्टंटला साधी बेरीज येते का, हे बघायला व्याख्यान कशाला पाहिजे? खिशातला मोबाइल सांगेल की." रास्त आहे. बेरीज त्याला येते. मी बेरजेवर टीका करायला उभा नाही. मला बोलायचंय ते त्या बेरजेची परीक्षा आपण कशी घेतो यावर. असिस्टंट पास झाला असं आपण ज्या कागदावर लिहून देतो, तो कागद मला तपासायचाय.

म्हणजे होतं काय बघा. तुमच्याकडं एक चालू प्रोग्राम असतो. लहानसा, शे-दीडशे ओळींचा. तुम्ही असिस्टंटला सांगता, "यात एवढी एक भर घाल." तो भर घालतो. वर स्वतःच चार टेस्ट लिहितो, स्वतःच चालवतो, आणि हिरव्या टिका दाखवून सांगतो, "काम झालं, सगळ्या टेस्ट पास." आपण खूश. कॉलेजच्या लॅबमध्ये हेच चाललंय, दुकानाच्या बिलिंगमध्ये हेच, आणि आता उसाच्या हिशेबातही यायला लागलंय.

आपल्या शाळेत बेरीज झाली की गुरुजी काय म्हणायचे? "ताळा कर." हा शब्द नव्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून दोन मिनिटं देतो. ३४७ आणि २८५, बेरीज ६३२. आता पहिल्या संख्येतले अंक मिळवा : ३, ४, ७ म्हणजे १४, परत मिळवले की ५. दुसरीचे : २, ८, ५ म्हणजे १५, म्हणजे ६. पाच आणि सहा अकरा, अकराचे दोन. आता उत्तराचे अंक : ६, ३, २ म्हणजे अकरा, म्हणजे दोन. जुळलं. यात आपण तीच बेरीज परत केली नाही, हे लक्षात घ्या. वेगळ्या वाटेनं गेलो आणि त्याच ठिकाणी पोचलो का ते बघितलं. त्याच वाटेनं दुसऱ्यांदा गेलात तर पहिल्यांदा ज्या खड्ड्यात पडला होता त्याच खड्ड्यात परत पडणार.

आणि या ताळ्यालाही भोक आहे. ६३२ च्या जागी कुणी ६२३ लिहिलं तर? अंकांची बेरीज तीच, ताळा जुळतो, उत्तर चुकीचं. बँकेतल्या जुन्या लोकांना हे पाठ असतं. रोजमेळात फरक आला आणि तो नवानं भागला गेला, की आधी अंकांची अदलाबदल झालीय का ते शोधतात. तर ताळा कुठली चूक पकडतो आणि कुठली सोडतो, हेसुद्धा माहीत असायला लागतं.

उसाच्या भागात हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडं कारखान्याच्या काट्यावर शंका आली की शेतकरी काय करतो? गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालतो, पावती खिशात ठेवतो आणि मग कारखान्यात जातो. कारखान्याच्याच काट्यावर दोनदा वजन करून शंका फिटते का? नाही ना. पण असिस्टंटनं लिहिलेल्या कोडची परीक्षा असिस्टंटनंच लिहिलेल्या टेस्टनं घेतली की आपण निवांत होतो! (हशा)

आता मोठ्या लोकांच्या परीक्षेकडं येऊ. कोड लिहिणाऱ्या एआयची जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली परीक्षा म्हणजे ह्यूमनइव्हॅल. ओपनएआयच्या लोकांनी २०२१ मध्ये काढली, कोडेक्स या मॉडेलसोबत. गिटहब कोपायलट सुरुवातीला याच कोडेक्सवर चालत होता. हातानं लिहिलेले १६४ प्रश्न, आणि प्रत्येकाला सरासरी आठेक टेस्ट. पहिल्याच प्रयत्नात बरोबर येण्याचं कोडेक्सचं प्रमाण २८.८ टक्के होतं. पुढं दोन-तीन वर्षांत नवीन मॉडेलं नव्वदीच्या घरात गेली आणि "आता प्रोग्रामरची गरज काय" अशी हवा झाली.

त्या १६४ मध्ये एक प्रश्न खरोखर बेरजेचा आहे. दोन पूर्णांक दिले, त्यांची बेरीज करणारं फंक्शन लिही. दोन आणि तीन पाच, पाच आणि सात बारा. त्याची परीक्षा कशी घेतात? आधी पाच ठरलेल्या जोड्या. मग शंभर वेळा शून्य ते हजार यांमधल्या दोन संख्या यदृच्छेनं उचलायच्या आणि उत्तर एक्स अधिक वायइतकं येतं का बघायचं. शंभर टेस्ट म्हटलं की कसं भारदस्त वाटतं! पण एक ऋण संख्या नाही. हजाराच्या वर काही नाही. आणि बरोबर उत्तर कोणतं हे ठरवायला वापरलं काय, तर परत एक्स अधिक वाय. एकाच काट्यावर शंभर वेळा वजन. पूर्णांकांच्या शुद्ध बेरजेला हे चालून जातं, मी नाही म्हणत नाही. पण शंभर हा आकडा इथं काही सिद्ध करत नाही, एवढं मात्र खरं.

हे एकट्या माझं म्हणणं नाही. २०२३ मध्ये इव्हॅलप्लस नावाच्या कामात संशोधकांनी याच प्रश्नांना साधारण ऐंशी पट जास्त टेस्ट लावल्या. मॉडेलांचे गुण घसरले. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे मूळ परीक्षेतली काही नमुना उत्तरंच चुकीची निघाली. पेपर तपासणाऱ्याचीच उत्तरपत्रिका चुकलेली. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या लोकांनी एसडब्ल्यूई-बेंच ही दुसरी परीक्षा आणली. ती आपल्या आजच्या विषयाला जास्त जवळची, कारण तिच्यात कोरं फंक्शन लिहायचं नसतं. बारा खऱ्या पायथॉन प्रकल्पांतली २,२९४ कामं घेतली, चालू कोडात दुरुस्ती किंवा भर घालायची. सुरुवातीच्या सगळ्यात चांगल्या मॉडेलला त्यातली दोन टक्केसुद्धा जमली नाहीत. नंतर आकडे खूप वर गेले, ते खरं आहे. पण कोरी बेरीज करणं आणि दुसऱ्याच्या चालू हिशेबात एक ओळ घालणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हा दिसलं.

आता आपल्या मातीतली परीक्षा. दरवर्षी ऊस परिषद भरणाऱ्या गावात दुसरं उदाहरण घेतलं तर तुम्ही मला खाली उतरवाल. असिस्टंटचं नाव घेत नाही, कारण यातल्या चुका कुणा एकाच्या नाहीत.

प्रोग्राम असा. जावास्क्रिप्टमधलं एक साधं पान. काटा पावतीवरचं वजन किलोत टाकायचं, खाली एकूण दिसतं. यात पहिली भर : एकाऐवजी कितीही पावत्या टाकता आल्या पाहिजेत. असिस्टंटनं अर्ध्या मिनिटात केलं. आणि एक जुना खड्डा त्यानं बरोबर चुकवला, त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पानावरच्या चौकटीत टाकलेलं सगळं आधी मजकूर असतं. तसंच अधिक चिन्ह लावलं तर बारा अधिक तेरा पंचवीस होत नाहीत, एकापुढं एक चिकटून बाराशे तेरा होतात. नवशिका पोरगा इथं हमखास पडतो. असिस्टंट पडला नाही. त्यानं मजकुराचा आधी आकडा केला.

पण आकडा करायच्या वाटा दोन आहेत. एक वाट कडक आहे : मध्ये स्वल्पविराम दिसला की "हा आकडा नाही" म्हणून हात वर करते. दुसरी वाट भिडस्त : स्वल्पविरामापर्यंत जेवढं कळलं तेवढं वाचते, पुढचं सोडून देते आणि तक्रार करत नाही. हिचं नाव पार्सफ्लोट. असिस्टंटनं ही घेतली. त्याच्या स्वतःच्या टेस्टमध्ये १०, २०, ३० असे आकडे होते. सगळं हिरवं.

मी तीन पावत्या टाकल्या, आपण कागदावर लिहितो तशा. १८,४५० किलो. १६,९२० किलो. १९,०३० किलो. हातानं बेरीज करा : ५४,४०० किलो, म्हणजे ५४.४ टन. पानावर काय आलं? ५३. स्वल्पविरामाच्या पुढचं सगळं गेलं. १८, १६ आणि १९, त्रेपन्न. आता गंमत बघा, गंमत कसली, धोकाच. हे उत्तर वेडगळ दिसत नाही. घाईत बघणारा माणूस म्हणणार, "त्रेपन्न टन, बरोबर आहे." तीन गाड्यांचा ऊस त्रेपन्न टन असूच शकतो की! साडेपाच लाख आलं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. १.४ टन ऊस असा बिनआवाज गेला.

मग त्याच पावत्या मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत टाकल्या. पायथॉनला देवनागरी आकडे कळतात, मजकुराचा पूर्णांक तो नीट करून देतो. पण जावास्क्रिप्टला कळत नाहीत. आपल्या पाढ्यातला अठरा त्याच्या लेखी आकडाच नाही! निदान तिथं तो तसं सांगतो तरी, एकूणच्या जागी विचित्र अक्षरं येतात. मी असिस्टंटला म्हटलं, "एकूण नीट दिसत नाही, दुरुस्त कर." त्यानं काय केलं? आकडा होत नसेल तर शून्य धर, अशी एक छोटी सोय लावली. विचित्र अक्षरं गेली. पान स्वच्छ. आणि देवनागरीत लिहिलेली पावती हिशेबातून गायब.

या सोयीवर माझा खरा राग आहे. आधीची चूक ओरडत होती, या सोयीनं तिचं तोंड बंद केलं. कारण मी "दिसत नाही" म्हणालो आणि त्यानं दिसण्याचा बंदोबस्त केला. यात असिस्टंटचा दोष किती आणि प्रश्न तसा विचारणाऱ्याचा किती, यावर वाद घाला. पण माझ्या ऑफिसातल्या माणसानं न वाचता येणारी पावती शून्य धरून पुढं ढकलली असती, तर मी त्याला बसवून विचारलं असतं. "साहेब, ही पावती लागत नाही," एवढं म्हणायला त्याला कुणी अडवलं होतं?

आता दुसरी भर : एफआरपी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं जाहीर केलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३.४६ रुपये जास्त, कमी झाला की तेवढेच कमी, आणि साडेनऊ टक्क्यांच्या खाली कपात नाही, तिथं ३२९.०५ रुपये. हेच शब्द असिस्टंटला दिले. त्यानं काय केलं, तर उताऱ्यातनं १०.२५ वजा केले, ०.१ नं भागलं, पूर्णांक तेवढा ठेवला आणि ३.४६ नं गुणलं. "प्रत्येक ०.१ टक्क्याला" म्हटल्यावर पूर्ण टप्पे मोजायचे असं त्यानं धरलं. वाचायला अगदी शहाणं कोड. टेस्ट त्यानं घेतल्या १०.२५, ११.२५, १२.२५ वर. तिन्ही पास.

मी ११.९५ टाकले. कोल्हापूरच्या बाजूला हा उतारा काही नवलाचा नाही. कागदावर बघा : ११.९५ वजा १०.२५ म्हणजे १.७०, म्हणजे सतरा टप्पे. ३.४६ गुणिले सतरा, ५८.८२. दर ४१३.८२, टनाला ४,१३८ रुपये २० पैसे, तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधी. प्रोग्रामनं धरले सोळा टप्पे. टनाला ३४ रुपये ६० पैसे कमी. साठ टन ऊस घातलेल्या माणसाचे २,०७६ रुपये गेले.

का गेले? संगणक अपूर्णांक दोनच्या हिशेबात साठवतो. अर्धा, पाव, पाऊण, अर्धपाव हे त्याला अचूक लिहिता येतात. एक दशांश मात्र येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं तसं. म्हणजे आपल्या आजोबांसारखं आहे बघा : पावकी, निमकी, पाऊणकी पाठ, दशांश कच्चा! १०.२५, ११.२५, १२.२५ हे सगळे पावाचे आकडे, त्यांत तो चुकणारच नव्हता. ११.९५ त्याच्याकडं केसभर कमी साठवला जातो, भागाकार सतराच्या अगदी किंचित खाली येतो, आणि पूर्णांक घेतला की उरतात सोळा. चुका जिथं राहतात तिथं त्याच्या तिन्ही टेस्ट गेल्याच नाहीत. त्यानं मुद्दाम टाळलं असं नाही. सोपे, गोल आकडे घेण्याची सवय माणसांच्या कोडमधनंच त्याच्यात आलीय.

आणि आता खरा ताळा. तो सरकारच्या घोषणेतच होता, कुणी बघितला नाही. साडेनऊ टक्क्यांना दर ३२९.०५. १०.२५ पासून साडेनऊपर्यंत अंतर ०.७५, म्हणजे साडेसात टप्पे. पूर्ण सातच धरले तर ३३०.७८ येतात. आठ धरले तर ३२७.३२. ३२९.०५ फक्त साडेसातला येतात. म्हणजे अर्धा टप्पासुद्धा मोजलाय, टप्पे तोडायचे नाहीत, प्रमाणात धरायचे. नियम कसा वाचायचा ते त्या एका आकड्यानं सांगितलं होतं. तो आकडा असिस्टंटच्या हातात दिलेला होता आणि त्यानं तो "साडेनऊच्या खाली हे छाप" म्हणून वेगळ्या ओळीत टाकून दिला. आपल्या सूत्रातनं तो येतो का, हे ताडून बघितलं नाही. सरकारी दरपत्रकं लावणारा जुना हिशेबनीस पहिली गोष्ट हीच करतो : दिलेला आकडा माझ्या रीतीनं येतोय का.

दाखवल्यावर त्यानं लगेच मान्य केलं. मान्य करण्यात तो फार तत्पर असतो. दुरुस्ती म्हणून भागाकारात एक बारीकसा आकडा मिळवला, म्हणजे सोळा पूर्णांक नव्व्याण्णवचे सतरा होतील. ११.९५ सुधारला. टप्पे तोडणं तसंच राहिलं. नीट रीत साधी आहे : अपूर्णांकात जायचंच नाही. उतारा टक्क्याच्या शंभराव्या भागात धरा, ११९५ आणि १०२५. पैसे पैशात धरा, ३४६. फरक १७०, गुणिले ३४६, भागिले दहा, ५,८८२ पैसे. सगळे पूर्णांक. हे शब्दांत सांगितल्यावर असिस्टंटनं ते सुरेख लिहिलं, माझ्यापेक्षा नीटनेटकं लिहिलं. सांगावं मात्र लागलं.

एक गोष्ट त्यानं विचारायला हवी होती आणि विचारली नाही. उतारा कुठल्या हंगामाचा? मागच्या की चालू? २०२२ मध्ये राज्य सरकारनं चालू हंगामाच्या उताऱ्यावर, दोन हप्त्यांत एफआरपी देण्याचा निर्णय काढला होता. राजू शेट्टी त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. याच मुद्द्यावर या भागात माणसं रस्त्यावर उतरलीत. कोडमध्ये मात्र तो एक चल आहे, "उतारा" नावाचा, आणि त्यात कुठला आकडा घालायचा हे कुठंच लिहिलेलं नाही. ऊस गाळपाला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, हाही नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तोही त्यानं विचारला नाही, आणि तिथं मी त्याला दोष देत नाही, कारण मी मागितला नव्हता.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग पोरांनी हे वापरायचं की नाही?)

वापरायचं. टायपिंग त्याच्याकडून करून घ्या, कुठं भर घालायची ती जागा शोधून घ्या, त्यात तो दमत नाही. पण टेस्टचे आकडे तुम्ही आणा, आणि कोड मागायच्या आधी आणा. वहीत पाच ओळी लिहा : हे टाकलं तर हे आलं पाहिजे. एक स्वल्पविरामाचा, एक देवनागरीतला, एक रिकामा, एक ११.९५ सारखा अडचणीचा, आणि एक असा की ज्याचं उत्तर तुमच्या आधी दुसऱ्या कुणीतरी छापलेलं आहे. मग तो काय म्हणतो ते बघा. अभियांत्रिकीच्या पोरांना माझं म्हणणं एवढंच, की या पाच ओळी असिस्टंटकडून लिहून घेतल्यात तर तुम्ही परीक्षा घेतलीच नाहीत.

(श्रोत्यांतून : तोडणी-वाहतुकीची कपात त्यात का नाही घातली? खरा वाद तिथंच आहे.)

खरं आहे. मुद्दाम नाही घातली. ती कारखान्यागणिक वेगळी, आणि ती कशी बसवली हे पावतीवर दिसत नाही. वहीत लिहायला माझ्याकडं बाहेरून आलेला एकही आकडा नव्हता, मग मी टेस्ट कशावर घेणार? तुमच्याकडं मागच्या दोन-तीन हंगामांची बिलं असतील तर घेऊन या. आधी ती कागदावर लावून बघू. लागली तर कोडचं बघता येईल.